शॉर्टलेगला उभी असलेली मारुती

जगातले बहुतेक तंटे जमिनीवरून होतात. ज्यांच्याकडे भांडण्याइतकी जमीन नसते, ते जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तूवरून भांडतात. सांगलीजवळ माधवनगरातल्या एका लहानशा वसाहतीत अशी वस्तू १९९३ साली दाखल झाली. तोपर्यंत वसाहतीत पूर्ण शांतता होती, म्हणजे भांडणे फक्त नळावर होत.

वस्तू म्हणजे एक पांढरी मारुती. मालक सुभेदार कृष्णात खराडे. मूळचे आष्ट्याकडचे, घरचा ऊस भावांवर सोपवून फौजेत गेले आणि पेन्शनीत आल्यावर इथे छोटी बंगली बांधून राहिले. फौजेत त्यांनी बर्फातून ट्रक चालवला होता. मोटार घेण्यामागचे कारण मात्र त्याहून गंभीर होते. त्यांची सासुरवाडी लोणंदला, आणि तिथल्या मेव्हण्याकडे, हिंदुरावांकडे, जीप होती. सुभेदार आणि त्यांच्या पत्नी विजयमाला एसटीतून घामाघूम उतरले की हिंदुराव जीपला टेकून मायेने विचारत, "दाजी, लय गर्दी व्हती काय?" माणूस शत्रूच्या तोफा सोसतो. मेव्हण्याची सहानुभूती सोसायला वेगळे काळीज लागते, आणि ते फौजेत पुरवत नाहीत.

गाडी आली. चाकांखाली लिंबे चिरडली, पेढे वाटले गेले आणि मग असे निदर्शनास आले, की बंगलीचे फाटक लुना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आहे. सबब गाडी समोरच्या मोकळ्या जागेत कडुलिंबाखाली उभी राहिली. ही जागा नकाशात 'उद्यान' होती. (उद्यानात एक कडुलिंब आणि दिव्याचा एक खांब होता. खांबावर दिवा बसवण्याचे विचाराधीन होते.) शाळा सुटल्यावर तिथे पोरे क्रिकेट खेळत. खांब म्हणजे स्टंप. त्या हिशेबाने कडुलिंबाखालची सावली बरोबर शॉर्टलेगला येत होती. पण सुभेदारांनी जागा निवडताना फक्त उन्हाचा विचार केला होता.

आठवडा संपायच्या आत चेंडू गाडीच्या दारावर बसला. चेंडू रबरी होता, त्यामुळे पोचा आला नाही. मातीचा एक गोल ठसा तेवढा उमटला. सुभेदार त्या ठशासमोर बराच वेळ उभे राहिले. पहिल्या घावाला देतात तेवढा मान त्यांनी त्याला दिला, आणि मग चौकशी सुरू केली.

चौकशीत एक अडचण निघाली. चेंडू टाकणारी होती शेजारच्या राजरत्न बनसोड्यांची स्वप्ना. ती डावऱ्या हाताने टाके आणि तिचा चेंडू टप्पा पडल्यावर स्वतःचे मत बनवी. मारणारा मात्र सुभेदारांचाच यशराज होता. कुटुंबातल्या आरोपीला वगळून चौकशी पुढे नेणे हे कौशल्याचे काम आहे. सुभेदार बनसोड्यांच्या अंगणात गेले.

"बनसोडे, तुमच्या पोरीनं बॉल टाकला."

राजरत्न पाटबंधारे खात्यात होता. तोंडी तक्रारीवर तो सहसा बोलत नसे, पण शेजाऱ्यासाठी त्याने नियम सैल केला. "व्हय. आन् मारला कुणी?"

"टाकलाच न्हाई, तर त्यो मारील कशाला?"

"बॅट तुमीच आणून दिलीया त्येला. तीबी इंग्लिश विलोची."

ओट्यावर राजरत्नची आई भामाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "सुभेदार, गाडी तितं नसती तर बॉल कुटं लागला असता?"

"कुटंच न्हाई."

"मग?" भामाबाई म्हणाली आणि एक खडा टिपून बाजूला टाकला.

त्या दिवसापासून दोन्ही घरांतला सकाळचा 'जयभीम' आणि 'रामराम' बंद झाला. दोघेही एकाच वेळी दूध घ्यायला निघत आणि एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडच्या गिरणीची चिमणी न्याहाळत. त्या काळात चिमणीकडे इतके लक्ष गिरणीच्या मालकानेही दिले नसेल.

सुभेदारांनी मग संरक्षणाची फळी उभारली. प्रथम गाडीवर कव्हर चढले. त्यावरून चेंडू घसरून खाली जाई आणि तो काढायला पोरे गाडीखाली शिरत, म्हणून कव्हरावर गोधडी आली. ती विजयमालाबाईंच्या आईने शिवलेली होती, हे सुभेदारांना दुसऱ्या दिवशी जेवायला वाढले गेले नाही तेव्हा समजले. मग गावाकडून उसाचे पाचट आणून कूड घातला. तो गवळ्याच्या म्हशीने दोन बैठकांत खाल्ला. शेवटी त्यांनी लाल अक्षरांत 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी ठोकली. पोरांनी तिचे मनापासून स्वागत केले. तोवर बोलरच्या टोकाला स्टंप म्हणून वीट होती, आणि विटेवरून सारखे वाद होत.

अखेर सुभेदार स्वतः पहाऱ्यावर उभे राहिले. संध्याकाळी पाय फाकवून, हात मागे बांधून, गाडीला पाठ लावून. चेंडू आला की अडवायचा. सुरुवातीला ते तो रागाने अडवत. मग एकदा यशराजने हाणलेला चेंडू सरळ गाडीच्या काचेकडे निघाला आणि सुभेदारांनी उजवीकडे झेपावून एका हातात पकडला. सुभेदार जमिनीवर आडवे होते, सदऱ्याची दोन बटणे गेली होती आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, की तो गाडी वाचल्याचा नव्हता हे आंधळ्यालाही कळले असते.

"औट," स्वप्ना म्हणाली.

"न्हाई," यशराज म्हणाला. "बाबा कुणाच्याच टीममध्ये न्हाईत."

हा प्रश्न घटनात्मक होता. त्यासाठी रविवारी भामाबाईंच्या अध्यक्षतेखाली सभा बोलावण्यात आली. (अध्यक्षपदासाठी वयाची अट होती, आणि दुसऱ्या कुणाला ती पूर्ण करण्याची इच्छा नव्हती.) सभेत खूप खल झाला. सुभेदारांचा झेल अमान्य झाला, पण त्या भरात मूळ तंट्यावरच तोडगा निघाला. तो राजरत्नने आपल्या कार्यालयीन भाषेत सांगितला: चेंडू सदर वाहनास थेट लागल्यास फलंदाज बाद समजण्यात यावा, आणि सदर वाहनाची काच फुटल्यास फलंदाजी करणारा संघच पराभूत समजण्यात यावा.

सुभेदारांना हे एकदम पटले. बाद व्हायच्या भीतीने कुणी तिकडे मारणारच नाही, असा सरळ तर्क होता. कायदे करणारी माणसे असा तर्क करतात म्हणूनच कायद्यांना इतके काम मिळते. फलंदाजांनी तिकडे मारणे खरोखरच सोडले. मग स्वप्नाने असा चेंडू टाकायला सुरुवात केली, की तो दुसरीकडे मारताच येऊ नये. टप्पा पडला की चेंडू आत वळे, पोरगा घाईने बॅट फिरवी, आणि मारुतीच्या दारावर 'धप' असा आवाज होई. औट.

त्या हंगामात वसाहतीत पडलेल्या एकूण बळींपैकी निम्म्याहून अधिक मारुतीच्या नावावर आहेत. उरलेल्यांपैकी बरेचसे मारुतीच्या धास्तीने पडले. ती झेल सोडत नसे, पाणी मागत नसे आणि अपील करून घसा बसवून घेत नसे. आजूबाजूच्या वसाहतींचे संघ खेळायला येत आणि पडल्या चेहऱ्याने परत जात. पोरे तिला 'मारुती' म्हणत नसत. 'खराडे शॉर्टलेग' म्हणत.

सुभेदारांमध्येही बदल झाला. आधी ते दारावरचे ठसे पुसत. आता पुसेनात. आल्यागेल्याला एकेक ठसा दाखवून, "ह्यो विश्रामबागचा कप्तान. पहिल्याच बॉलला," असे सांगू लागले. डावरा फलंदाज आला की धावत जाऊन गाडी पलीकडच्या बाजूला नेऊन लावत आणि षटक संपले की परत आणत. पेट्रोल त्यातच संपे. एका संध्याकाळी गाडी नेमकी कुठे असावी हे त्यांना ठरवता येईना, तेव्हा कुंपणापलीकडून राजरत्न चिमणीकडे बघत म्हणाला, "हातभर म्हागं घ्या, सुभेदार. बॉल खाली राहतोय."

सुभेदारांनी गाडी हातभर मागे घेतली. पुढच्याच चेंडूवर 'धप'. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना 'रामराम' आणि 'जयभीम' दोन्ही पूर्ववत झाले.

आणि वैशाखात हिंदुरावांच्या मुलीचे लग्न निघाले. लोणंदला, गोरज मुहूर्तावर. ज्या दिवसासाठी गाडी घेतली तो दिवस आला होता. विजयमालाबाईंनी गाडीवर टाकायला आबोलीची माळही करायला टाकली होती. नेमक्या त्याच सकाळी सांगलीच्या एका तगड्या संघाशी हंगामातला अंतिम सामना ठरला.

आदल्या संध्याकाळी स्वप्ना दारात आली. "काका, गाडी कवा नेणार?"

"पहाटं. का गं?"

"काय न्हाई. शॉर्टलेग मोकळा पडतोय." एवढे बोलून ती गेली.

सुभेदारांनी जेवणात दोनदा मीठ मागितले आणि दोन्ही वेळा घातले नाही. सकाळी उठून ते गाडीत बसले. समोर पोरांनी चुन्याने क्रीज आखली होती. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झाले. कधी नव्हे ते. त्यांनी घाईने बंद केले आणि घरात येऊन सांगितले, "बॅटरी उतरलीया."

विजयमालाबाई हिरव्या शालूत, डोक्यात गजरा माळून उभ्या होत्या. इंजिनचा आवाज त्यांनी ऐकला होता; गल्लीनेच ऐकला होता. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितले.

"आवं, मला सरळ सांगायचं. माझ्या म्हायेरची लाज वाटतीया, का मॅच हाय?"

"मॅच हाय," सुभेदार खाली बघून म्हणाले.

"मग बॅटरीचं नाव कशाला घेताय?" त्यांनी पिशवी उचलली आणि एसटीसाठी निघाल्या. फाटकातून वळून एवढेच म्हणाल्या, "हरून येऊ नका. मला तिकडं उत्तर द्यायचं हाय."

सांगलीकरांनी सीझन बॉलचा आग्रह धरला. लाल, कातडी, दगडासारखा. सगळ्यांनी सुभेदारांकडे पाहिले. गाडी काढून घ्यायला हरकत नव्हती. तसा त्यांना पूर्ण अधिकार होता. ते उठले, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि जागेवर येऊन बसले. "खेळा रं," म्हणाले.

वसाहतीच्या धावा बेताच्याच झाल्या. सांगलीकर सावकाश, गाडीची बाजू टाळून खेळत जिंकायला आले. दोन फटक्यांचे काम उरले असताना त्यांच्या उंच कप्तानाचा धीर सुटला. स्वप्नाचा चेंडू आत वळला, त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि मारुतीची समोरची काच खळ्ळकन खाली आली.

सर्वात आधी टाळ्या वाजवल्या त्या सुभेदारांनी. "काच! काच फुटली!" असे ओरडत ते पोरांच्या गराड्यात नाचले. राजरत्नने नियम वाचून दाखवला, सांगलीकर हरले, स्वप्नाला सगळ्यांनी उचलले. गाडीला समोर काच राहिलेली नाही, ही गोष्ट सुभेदारांच्या ध्यानात आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

"आता?" राजरत्नने विचारले.

"आता काय. लोणंद. चलतोस?"

तिकडे लोणंदला विजयमालाबाई एसटीतून उतरल्या. हिंदुराव जीपला टेकून उभेच होते. "ताई, दाजी आन् गाडी?"

"गाडी येणार व्हती," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "पर तिची मॅच हाय आज."

हिंदुरावांनी एकदा आपल्या जीपकडे पाहिले. त्यांच्या जीपला आजवर कुठे खेळायला बोलावले नव्हते. ही बातमी मांडवात पसरली आणि दुपारी पंगतीत लोक नवरदेवाऐवजी गाडीचा स्कोअर विचारू लागले.

गोरजाच्या जरा आधी मांडवासमोर मारुती येऊन थांबली. समोर काच नाही. सुभेदारांच्या डोळ्यांवर फौजेतला गॉगल, शेजारी तोंडाला टॉवेल गुंडाळलेला राजरत्न, मागे यशराज आणि स्वप्ना. सगळे कराडपासूनच्या धुळीने एकाच रंगाचे झालेले. टपावर आबोलीची माळ होती. तिचा दोराच तेवढा टिकला होता.

हिंदुराव पुढे आले. काच होती त्या जागेतून हात आत घालून पाहिला. मग वाकून दारावरचे ठसे बघितले. "दाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "लय मार खाल्लाय ओ हिनं."

"जिंकलो," सुभेदार म्हणाले आणि विजयमालाबाईंकडे बघितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदराने त्यांच्या मिशीवरचे एक चिलट काढले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण प्रगती थांबत नाही. मारुतीचा लौकिक पाहून पुढच्या वर्षी राजरत्नने हप्त्यावर फियाट घेतली आणि ती मिडऑनला उभी केली. मग एकाने स्लिपमध्ये व्हॅन आणली, दुसऱ्याने पॉइंटला. १९९९ सालापर्यंत वसाहतीची फिल्डिंग पूर्ण लागली. अकराच्या अकरा जागा चारचाकींनी भरल्या, आणि इतकी कडक फिल्डिंग तालुक्यात दुसरी नव्हती. फक्त फलंदाजाला उभे राहायला जागा उरली नाही. पोरे घरात बसून टीव्हीवर सामना पाहू लागली आणि सुभेदार फाटकाशी बाकडे टाकून एकटेच अकरा गाड्यांकडे बघू लागले. एकीलाही ओरखडा पडेना.

या प्रकाराला जबाबदार कोण, याचा तपास अद्याप लागलेला नाही. मात्र ही हकीकत वाचताना किती वाचकांनी मध्येच उठून, खाली पोरांचा आवाज आला म्हणून खिडकीतून डोकावले, याची पाहणी झाली आहे. बहुतेकांनी डोकावले. आणि त्यांनी पाहिले ते पोरांकडे नव्हे.