काकाजींची सिंगल लाइन

समोरच्या घराच्या फाटकावर लाल झेंडी लागली की आमच्या गल्लीला कळायचं, काकाजी इंटरनेटवर बसले. झेंडी खरीखुरी, रेल्वेची. निवृत्त होताना लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात. बडनेरा स्टेशनावर उभी हयात काढलेले आमचे काकाजी दोन जुन्या झेंड्या घेऊन आले, आणि त्यातली लाल त्यांनी अशी कामाला लावली.

त्या दिवसांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. ते चालू असेपर्यंत फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर त्याला नुसता एंगेजचा आवाज. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकाजींनी लगेच मान डोलावली.

"समजलं. सिंगल लाइन हाये. एक गाडी आत असताना दुसरी सोडाची नाही."

"बरोबर. पण कुणी लावलाच तर काही होत नाही. फक्त लागत नाही."

"हे काय टक्कर झाल्यावर सांगशीन मले?"

आणि झेंडी लागली. आता ज्यांना झेंडी दिसत होती ती सगळी गल्लीतलीच माणसं. त्यांना काकाजींशी बोलायचं असलं तर ती रस्ता ओलांडून येत. पण सुरक्षेच्या बाबतीत काकाजी कुणाचं ऐकत नसत. आमच्या घरी शेगडीवर दूध ठेवलेलं पाहिलं तरी ते "कोन हाये ड्युटीवर?" असं विचारत.

घरात ते एकटेच. काकी जाऊन चारेक वर्षं झाली होती. एकुलता मुलगा अविनाश बंगलोरला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तो दर रविवारी सकाळी दहाला फोन करायचा, आणि त्या वेळी काकाजी जगातल्या कुठल्याही कामाला नकार देत. अमरावतीत रविवारी सकाळी लग्न असलं तर ते अक्षता टाकायला नसायचे, थेट जेवायला यायचे. अलीकडे तो फोन येतो की नाही, हे विचारायची मात्र सोय नव्हती. विचारलं की ते हवामानावर बोलत.

असा माणूस एक दिवस मला म्हणाला, "सुधाकर, मले इंटरनेट बसवून दे."

मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता. तेवढ्या भांडवलावर गल्लीने मला कॉम्प्युटरचा तज्ज्ञ करून टाकलं होतं आणि मीही ते मिरवत होतो. मला वाटलं, मुलाचे मेल वाचायचे असतील. हो म्हटलं.

कॉम्प्युटर त्यांनी अकोल्याहून आणला. तिथली एक टायपिंगची संस्था बंद पडत होती, तिचा जुना संच. तो आणला एसटीने. रेल्वेचा माणूस, पास खिशात, तरी एसटी. का, तर "गाडीत पार्सलचे काय हाल होतेत ते मले कोनी सांगू नये, मी डोयानं पाह्यले." मॉनिटर गोधडीत गुंडाळून खिडकीच्या सीटवर बसवला होता आणि त्याचं वेगळं तिकीट काढलं होतं. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, याले हाफ चालते." तरी यांनी फुलच काढलं.

मांडायची वेळ आली तेव्हा पहिली ठिणगी उडाली. प्लग मागच्या खोलीत, फोन बैठकीत. मी म्हटलं, फोन मागे नेऊ.

"फोन हालनार नाही."

"अहो, दहा पावलांचा प्रश्न आहे."

"मागून रिंग आयकू येत नाही. कॉम्प्युटर इकडं आन."

मग टेबल आलं, वायरमन आला, भिंतीला भोक पडलं, आणि पाहुण्यांची खुर्ची मागच्या खोलीत गेली. त्यानंतर काकाजींकडे जाणारा माणूस उभ्यानेच बोलून परत येऊ लागला.

मोडेम नावाची डबी जोडली, फ्लॉपी घातली, टेलिफोन ऑफिसातून मिळालेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं आली की डायल टोन नाही. काकाजींनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"हाये ना. चांगला वाजून राहिला."

"पण कॉम्प्युटरला तो ऐकू येत नाहीये."

त्यांनी रिसीव्हर मॉनिटरच्या कडेला धरला. "घे, आयक," म्हणाले. बऱ्याच वेळाने मला दिसलं की तार मीच चुकीच्या भोकात घातली होती. मी ती गुपचूप बदलली. काकाजींची आजही समजूत असेल की मॉनिटरने ऐकलं.

मग तो आवाज सुरू झाला. आधी नंबर फिरवल्याची टकटक, मग शिट्टी, मग किरकिर, मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. शोभा, म्हणजे माझी बायको, समोरच्या आमच्या घरातून धावत आली, काय जळलं म्हणून. काकाजी मात्र शर्टाचं वरचं बटण लावून उठून उभे राहिले. कान देऊन ऐकत होते. "आउटर सिग्नलले आली," म्हणाले. मग, "आता आत घेऊन राहिले." आवाज थांबला, डबीवरचे दिवे लागले, आणि काकाजी हळू आवाजात म्हणाले, "लाइन क्लिअर."

तेव्हापासून त्यांचा क्रम ठरला. दर रविवारी दहाला पाच कमी असताना झेंडी, बरोबर दहाला शिट्टी. मी मेलचा पत्ता करून दिला होता, त्याकडे ते वळले नाहीत. ते एकच पान उघडत, परदेशातल्या कुठल्याशा वाफेच्या इंजिनाचं. चित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरायचं. आधी धूर, मग धुराडं, मग बॉयलर. एवढ्यात तासभर जायचा किंवा कनेक्शन तुटायचं. दुपारी भेटले की मी विचारायचो, आणि ते गंभीरपणे सांगायचे, "चाकं नाही आली आजही."

मला हसू यायचं. शोभाला येत नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "रविवारी दहालेच काहून लावतेत हे? पोराचा फोन येते तोच टाइम हाये ना?"

मी म्हटलं, रेल्वेची माणसं, वेळ पाळतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

पुढच्याच रविवारी आमचा फोन वाजला. अविनाश होता.

"काका, बाबांचा फोन सकाळपासून एंगेज लागतोय. बरे आहेत ना ते?"

"ठणठणीत आहेत. इंटरनेटवर आहेत."

"बाबा? इंटरनेटवर? मला तर कधी एक ओळ नाही आली."

"तू थोड्या वेळाने लाव, मी जाऊन सांगतो," म्हटलं आणि चपला घातल्या.

काकाजी मॉनिटरसमोर ताठ बसले होते. "झेंडी नाही दिसली का तुले?"

"अविनाशचा फोन आला होता आमच्याकडे. तुमचा लागत नाही म्हणून."

त्यांनी मान वळवली. "लावून राहिला होता?"

"सकाळपासून."

"सकायपासून?"

"हो. घाबरला होता थोडा."

"घाबरला होता," ते म्हणाले. त्यांनी ते एवढं सावकाश म्हटलं की मी न राहवून विचारलं, काकाजी, तो फोन करतो नेमकी तीच वेळ तुम्ही अडवून का ठेवता?

"करे. आता नाही करत." ते पडद्याकडेच पाहत होते. "कामं असतेत त्याले. मी दहापासून बसो त्या फोनपाशी. अकरा वाजे, बारा वाजे. मंग वाटे, आता करन. जेवाले उठलो अन् वाजला तं? म्हनून जेवत नसो. हे लावलं तवापासून बरं हाये. फोन नाही वाजला तं नाही वाजला. वाजनच कसा? लायनीवर गाडी हाये."

इतके रविवार मी या माणसाची चाकं विचारून हसत होतो, त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

"बंद करा काकाजी. तो आता लावेल."

त्यांचा हात माउसवर होता. तो हलेना.

"सुधाकर, बंद केलं अन् नाही वाजला तं?"

मी खोटी खात्री देऊ शकलो नाही. खुर्ची मागच्या खोलीत गेली होती, म्हणून जमिनीवरच बसलो, त्यांच्या पायाशी. मग त्यांनीच बटण दाबलं. डबीवरचे दिवे विझले. आम्ही दोघं त्या काळ्या फोनकडे पाहत राहिलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. काकाजींनी एकदा रिसीव्हर उचलला, टोन आहे का पाहिला, आणि घाईने परत ठेवला.

फोन वाजला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला तळहात दाखवला, थांब. दुसरी रिंग झाली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. तिसरी झाली, तेव्हा कुठे उचलला.

"हॅलो. कोन? अविनाश? हो रे, मी जरा कामात होतो."

मी उठलो आणि बाहेर निघालो. दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, जरा चढलेला, घाईघाईचा.

"नाही, नाही, ठेवू नको. तू बोल. मी मोकयाच हाये."