कवितेचे वकील निरगुडकर

निरगुडकर हयात होते तोवर हे लिहायचं मी टाळलं. ते गेल्यावरही टाळतच आलो. आता माझंही वय झालं, म्हणून सांगून टाकतो.

जर्मनीत डार्मश्टाटला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. कुणी 'कविता' हा शब्द उच्चारला की ते कोटाची बटणं लावायचे, कोर्टात उभं राहिल्यासारखे. विद्यापीठात ते रेनेसाँस काळातली साहित्यसमीक्षा शिकवत. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात कवितेवर आरोप झाले होते: ती खोटं बोलते, पोरं बिघडवते, वेळ खाते. तेव्हाच्या टीकाकारांनी तिची बाजू लढवली. ते सगळे वकील केव्हाच वारले. खटला निरगुडकरांच्या अंगावर पडला.

"अहो, तत्त्वज्ञ नियम सांगतो, इतिहासकार घडलेलं सांगतो. चांगुलपणाची गोडी लावतो तो कवी! गेनाऊ?" हे ते बेकरीच्या रांगेतही विचारत. मागची जर्मन मंडळी काही न कळताही "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत. रांग पुढे सरकावी म्हणून.

खालच्या क्राउझेबाई जिना झाडायची आपली पाळी कायम चुकवायच्या. घरमालकाच्या नोटिसा वाया गेल्या. निरगुडकरांनी कोपऱ्यात एकट्या पडलेल्या झाडूच्या विरहावर चार जर्मन ओळी रचून त्यांच्या दारावर चिकटवल्या. बाई हसत हसत झाडू घेऊन बाहेर आल्या.

"बघा! उपदेशानं चिडल्या, कवितेनं वाकल्या!"

मग त्यांनी आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना कविता शिकवायला अर्धा तास मागितला. अध्यक्ष मी. पालकांना त्या वेळात कोडिंग हवं होतं. भर सभेत मी म्हणालो, "निरगुडकर, इंटरव्ह्यूत कविता म्हटली की नोकरी लागते का हो?"

हशा पिकला. ते उठले, बटणं लावली, आणि पुन्हा एकेक सोडत खाली बसले.

परतताना ट्रामच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"माझा मुलगा कोलोनला असतो," ते म्हणाले. "वाढदिवसाला फोन करतो. जर्मनमध्ये. बाकी वर्षभर गप्प. अहो, जगाला सांगत फिरलो, उपदेशानं माणूस घडत नाही, आनंदानं घडतो. आणि त्याला मात्र उपदेशच केला. सोबत बसून एक कविता म्हटली नाही कधी. म्हटलं, निदान दुसऱ्यांच्या मुलांबरोबर तरी..."

वर्ग माझ्या हातात होता. "चुकलो, निरगुडकर. पुढच्या रविवारपासून अर्धा तास तुमचा," एवढंच म्हणायचं होतं. मी तोंडही उघडलं.

"ट्राम आली," मी म्हणालो.