खोकणारी भिंत

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे शेवटी भिंती कोरड्या ठेवण्याचा इतिहास होय. माणूस गुहेतून बाहेर पडला तो काही पराक्रम गाजवायला नव्हे. गुहेला ओल होती म्हणून. हा सिद्धांत तपासनिसांनी मांडला तेव्हा ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून बसले होते, आणि त्याच भिंतीवर, बरोबर डोक्यामागे, ताटाएवढा काळपट ओला डाग पडलेला होता.

तपासनीस निवृत्त होते. (नोकरीतून; तपासण्यातून नव्हे.) इमारती तपासून सही करणं हे त्यांचं काम. साऱ्या कारकिर्दीत त्यांचा एकही निष्कर्ष चुकला नव्हता, कारण चुकला की नाही हे तपासणारेही तेच होते.

घरात माणसं दोन आणि पोपट एक. पोपट मूळचा वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा. आजोबा मुलीकडे राहायला गेले, मुलीला पिसांचं वावडं, म्हणून पिंजरा खाली आला. पोपट एक अक्षर बोलत नसे. हा गुण पाहूनच तपासनिसांनी त्याला ठेवून घेतला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात खोकला सुरू झाला. खोल, छातीतून उपसून काढलेला, शेवटी एक बारीक शीळ. बैठकीत कुणी नसताना तो नेमका ऐकू येई. स्वयंपाकघरात बायकोला वाटे, हे खोकले. न्हाणीघरात तपासनिसांना वाटे, ही खोकली. दोघंही समजूतदार, त्यामुळे समोरच्याला विचारून लाजवण्यापेक्षा ती गुपचूप एकमेकांच्या चहात आलं वाढवत राहिली. चहा घशाखाली उतरेना, तेव्हा विषय निघाला.

डागही आहे आणि खोकलाही आहे, म्हणजे ओल आहे. तपासनिसांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्यानं भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं तपासनिसांना बाहेर बोलावलं.

"साहेब, भिंत पितेय."

"काय पितेय?"

"पाणी. आतल्या आत. सगळं प्लास्टर काढावं लागेल. तोवर कुठंतरी राहायची सोय बघा."

तपासनिसांनी सही केली. प्लास्टर निघालं आणि दोघं पिंजऱ्यासह साडूंकडे राहायला गेली.

तात्पुरत्या वास्तव्याचे काही सर्वमान्य नियम इथे नमूद करणं इष्ट ठरेल. पाहुण्यानं पहिल्या दिवशी "आमची अडचण तर नाही ना?" असं विचारावं, यजमानानं "छे, छे!" म्हणावं. न्हाणीघरात सगळ्यांच्या शेवटी जावं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर यावं. टीव्हीचा रिमोट मागू नये. त्याच्याकडे नुसतं बघत बसावं. पोपटानं काय करावं याबद्दल नियम नाहीत, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

साडूंना आपल्या भिंतींचा फार अभिमान. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तपासनिसांना घरभर हिंडवलं.

"लावा, हात लावा, साडूभाऊ! कसं वाटतंय?"

"भिंतीसारखं."

"कोरडी ठणठणीत! घर नुसतं तपासून चालत नाही, साडूभाऊ. निगा राखावी लागते."

तपासनिसांनी हा टोमणा गिळला, आणि ते नेमून दिलेल्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून बसले. रोज बसले.

तिसऱ्या आठवड्यात साडूंच्या घरात कुणीतरी खोकलं. शेवटी बारीक शीळ. मेहुणीला वाटलं साडू, साडूंना वाटलं मेहुणी. मग खुर्चीमागे डाग सापडला. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. वॉटरप्रूफिंगवाला आला, त्यानं कान लावला.

"पितेय. आणि ही जरा लबाड आहे. वरून साळसूद."

मंगळवारी प्लास्टर फोडायचं ठरलं.

सोमवारी तपासनीस फिरायला निघाले आणि विसरलेला चष्मा घ्यायला दारातून परत फिरले. बैठकीत कुणी नव्हतं. पोपटानं एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं, आणि तो खोकला. वरच्या मजल्यावरचे आजोबा, जसेच्या तसे. शिळेसकट.

तपासनीस मटकन खुर्चीत बसले. डोकं मागे टेकलं, ते गार लागलं. त्यांनी डागाला हात लावला, बोटं हुंगली. तेल. लग्न झाल्यापासून बायको रोज सकाळी त्यांच्या टाळूवर थापत आली होती तेच.

"कळलं का एकदाचं?" दारातून बायको म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"खोकल्याचं नव्हतं. डागाचं होतं. तुमच्या उशीचे अभ्रे कोण धुतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सही केली होतीत. तुमच्या सहीनंतर आपल्या घरात कुणी बोलतं का?"

तेवढ्यात साडू आत आले. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता. भिंतीकडे त्यांना बघवत नव्हतं.

"साडूभाऊ, त्या दिवशी निगा वगैरे काहीबाही बोललो, विसरून जा. तुम्ही अनुभवी माणूस. तुम्हीच सांगा, खरंच ओल आहे का हो? तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता काम थांबवतो."

तपासनिसांनी बायकोकडे पाहिलं. पोपटाकडे पाहिलं. खरं बोललं तर साडूंची भिंत वाचत होती. पण मग घरची भिंत कुणी आणि कशासाठी फोडली, हा प्रश्न उरत होता. ते उठले. त्यांनी बोटानं टकटक केलं, कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

"पितेय."

(त्यांचा एकही निष्कर्ष अजून चुकलेला नाही.)

मंगळवारपासून दोन्ही कुटुंबं पोपटासह मेहुण्यांकडे राहायला गेली. तिथे दोन खुर्च्या मिळाल्या, भिंत आपली नसल्यामुळे साडूही डोकं टेकून बसू लागले आणि दोन डाग पडले, कारण तेलाच्या बाबतीत दोघी बहिणींचं वळण एकच होतं. तपासनिसांनी स्वतःच्या घराची चौकशी केली, तेव्हा वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, "साहेब, तुमच्याकडची माणसं तिकडे हलवलीत. तिकडची ओल तुम्हीच पास केलीत ना?" ताज्या पाहणीनुसार दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी सत्तर टक्के आपापल्या घराबाहेर आहेत. उरलेले तीस टक्के फोन उचलत नाहीत.

त्यामुळे तपासनिसांची नजर आता नात्याबाहेरच्या, पण सुशिक्षित आणि वाचनाची आवड असलेल्या घरांकडे वळली आहे. असे लोक शक्यतो भिंतीला डोकं टेकून वाचतात, असा त्यांचा अनुभव आहे. आपण इथवर हसत आला असाल तर उत्तमच. आता जरा मान पुढे घ्या आणि मागे वळून बघा. दिसलं काही? घाबरू नका, ते स्वतः येऊन तपासतील. बरोबर बायको, साडू, मेहुणी, मेहुण्यांची मंडळी आणि पोपट असेल.

आपली अडचण तर नाही ना?

(इथे "छे, छे!" म्हणायचं असतं.)

मग खिडकीशी पिंजऱ्यासाठी एक खिळा तेवढा ठोकून ठेवा.