काका, स्टँड!

"मग मला न्यायला कोण येणार?" लेकीनं फोनवर विचारलं, आणि ग्रंथपालांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मी येतो. मोटारसायकल घेऊन."

पलीकडे लेक हसली. त्यात कुचेष्टा नव्हती. ती अगदी मनापासून, पोट धरून हसली, आणि नेमकं तेच ग्रंथपालांना लागलं. "बाबा, तुम्ही ना!" म्हणून तिनं फोन ठेवला.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. घरातली मोटारसायकल पहिल्यापासून सिस्टरची. सिस्टर म्हणजे ग्रंथपालांची बायको. इस्पितळात परिचारिका असल्यामुळे सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा, आणि गावाचं ऐकून ग्रंथपालही. रोज सकाळी ती पुढे आणि हे मागे, मांडीवर दोघांचे डबे धरून. वाचनालयाच्या दारात नवऱ्याला उतरवायचं आणि तशीच गाडी ड्यूटीवर पळवायची, हा तिचा शिरस्ता. लेकीला शाळेत सोडणं तिनंच केलं, पावसात क्लासवरून आणणं तिनंच केलं, अंगात ताप असताना दुलईत गुंडाळून डॉक्टरकडे नेणंही तिनंच. ग्रंथपाल मागून चालत, धापा टाकत पोचायचे, तोवर औषध पोटात गेलेलं असायचं. बाप म्हणून आपण कायम उशिराच पोचलो, ही सल त्यांच्या मनात होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, इतकंच.

आणि आता इतकी वर्षं रस्त्यावर कधी न पडलेली सिस्टर बाथरूममध्ये घसरली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. लेक नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच सुट्टीवर घरी येत होती.

"टॅक्सी करा ना सरळ," सिस्टर म्हणाली.

"शिकव मला," ग्रंथपाल म्हणाले.

सिस्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याचा हा आवाज तिनं फारसा ऐकला नव्हता. तिनं पुढे वाद घातला नाही.

शिकवणी शाळेमागच्या मैदानात सुरू झाली. सिस्टर डाव्या हातानं गाडी सरळ धरायची आणि म्हणायची, "बसा." ग्रंथपाल बसायचे. मग खाली कुठंतरी 'खट्' असा आवाज व्हायचा. मग ती म्हणायची, "आता चालू करा." त्या खट् आवाजाचा ग्रंथपालांनी आपल्या परीनं अर्थ लावला होता, की गाडी जागी झाली. कशी जागी झाली, याच्या खोलात ते शिरले नाहीत.

"क्लच हळू सोडा! हळू! अहो, सोडायचाच नाही असं नाही म्हटलं मी!"

"ओरडू नकोस गं. मला सुचत नाही."

"हे वाचनालय नाहीये!"

जन्मभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलेला माणूस तो. गाडी आचके देत बंद पडायची, तेव्हा ते शेजारी झोपलेल्या कुत्र्याची माफी मागायचे. पण चिकाटी दांडगी. हळूहळू गाडी बंद पडेनाशी झाली, मग वळायला लागली, आणि शेवटी मैदानाला फेऱ्या मारून सिस्टरपाशी येऊन थांबायलाही लागली. "उतरा," म्हणत ती गाडी पुन्हा हातात घ्यायची. परीक्षा देऊन लायसनही मिळालं. त्या दिवशीही गाडी धरायला सिस्टर होतीच.

लेक यायची ती सकाळ उजाडली. ग्रंथपालांनी दाढी दोनदा केली आणि नवे बूट घातले. सिस्टर आत फोनवर होती. "हो गं, निघतायत बाबा. खरंच गाडीवर. हसू नकोस!" हे शेवटचं ग्रंथपालांनी ऐकलं आणि त्यांना आत थांबवेना. ते तडक अंगणात आले. गाडी भिंतीशी तिरपी उभी होती. त्यांनी स्वतःच ती सरळ केली, स्वतःच बसले. खट् आवाज काही झाला नाही, पण किक मारताच इंजिन सुरू झालं. आपल्या हाताला गाडी बिनआवाजाची जागी होते, असं वाटून त्यांना जरा बरंच वाटलं.

फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच मागून सिस्टरची हाक आली. "अहो, स्टँड! स्टँड!"

आता, गावात बसस्थानकाला सगळे स्टँडच म्हणायचे. ग्रंथपालांना राग आला. "स्टँडवरच चाललोय!" ते मागे न बघता ओरडले. "तेवढं कळतं मला!"

सिस्टर प्लास्टरचा हात सांभाळत फाटकापर्यंत धावली. तोवर ते कोपऱ्यावरून उजवीकडे वळलेही होते, आणि गाडीचं डावं साइड-स्टँड खाली तसंच उघडं होतं.

खिशातला फोन वाजायला लागला. पण गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हा सिस्टरनंच घालून दिलेला पहिला नियम. तो त्यांनी कसोशीनं पाळला.

सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते, एवढा त्यांचा वेग. गाडी झुकवून वळायचं हे त्यांना तत्त्वतःच मान्य नसल्यामुळे अजून तरी काही बिघडलं नव्हतं. तेवढ्यात फळवाला गाड्यावरून ओरडला, "काका, स्टँड!"

"सरळ जा, मग डावीकडे!" ग्रंथपालांनी तत्परतेनं सांगितलं. विचारलेली गोष्ट कुठं आहे ते सांगणं हा त्यांचा पेशाच होता. फळवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोन वर्षं ह्याच रस्त्यावर गाडा लावणाऱ्याला स्टँड माहीत नसावं, याचं ग्रंथपालांना नवल वाटलं.

पुढे एक जोडपं स्कूटरवरून शेजारी आलं. मागे बसलेली बाई त्यांच्या पायाकडे बोट दाखवत म्हणाली, "काका, खाली बघा, खाली! स्टँड!"

रस्त्यावरची नजर हलवायची नाही, हा नियम दुसरा. "नवे आहेत," ग्रंथपाल म्हणाले. "कालच घेतले."

"काय घेतले?" बाईनं नवऱ्याला विचारलं.

"बूट म्हणतायत बहुतेक," नवरा म्हणाला आणि त्यानं स्कूटर पुढे काढली.

मग एक मोटार आली. टपावर सामान, आत दाटीवाटीनं बसलेली माणसं. त्यांना खरोखरच स्टँडवर जायचं होतं आणि ती खरोखरच रस्ता चुकली होती. कुणीतरी 'स्टँड' ओरडतंय आणि हे गृहस्थ दिशा सांगतायत, एवढं त्यांनी ऐकलं होतं. "काका, आम्हालाही तिकडेच जायचंय," चालकानं काच खाली करून विचारलं, "तुमच्या मागोमाग येऊ का?"

आपल्या मागोमाग यावं असं ग्रंथपालांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते मागे बसणारे. त्यांची छाती फुगली. "या!" ते म्हणाले.

थोड्याच वेळात चालकाला खरा प्रकार दिसला आणि तो हॉर्न वाजवत ओरडायला लागला, "काका, स्टँड!"

"आलंच, आलंच! धीर धरा!"

मोटारीमागे रिकामा टेंपो अडकला, टेंपोमागे आणखी गाड्या. चौकातल्या पोलिसाला ती रांग दिसली. सगळ्यात पुढे ताठ बसलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस, मागे हॉर्न वाजवणारा ताफा. कुणीतरी मोठा असणार, असं समजून त्यानं दुसऱ्या बाजूची वाहनं थांबवली आणि हात कपाळाशी नेला. गाडी समोरून गेल्यावर त्याची नजर खाली गेली आणि त्यानं जोरात शिट्टी फुंकली. "ओ साहेब, स्टँड!"

"गावाला आज झालंय तरी काय!" ग्रंथपाल पुटपुटले. पण ऊर भरूनही आलं होतं. लेक येतेय हे जणू सगळ्या गावाला कळलं होतं, आणि बापाला उशीर होऊ नये म्हणून गाव त्याला ढकलत होता.

स्टँडच्या फाटकाशी डावं वळण होतं. बस आत शिरताना त्यांना दिसली. खिडकीशी लेक होती. आज पोचायलाच हवं होतं, ती उतरायच्या आत पोचायला हवं होतं. ग्रंथपालांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून ॲक्सिलरेटर पिळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीसकट डावीकडे झुकले.

स्टँड रस्त्यात रुतलं. गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि आडवी झाली. ग्रंथपाल मात्र सरळच निघाले, ते हमालाच्या ढकलगाडीवर रचलेल्या गाद्यांवर जाऊन बसले. गाद्यांसकट ढकलगाडी घरंगळत बसच्या दारापाशी जाऊन थांबली. दार उघडलं. लेक पायरीवर उभी होती.

"आलो ना वेळेवर?" ग्रंथपालांनी विचारलं.

लेक हसली नाही. तिनं बॅग तिथंच टाकली आणि बापाचे हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. "बाबा, लागलं का हो कुठं?"

"छे. गाद्या चांगल्या आहेत."

तोवर मोटारीतली माणसं, टेंपोवाला, शिट्टीसकट पोलीस असे सगळे जमले. "कधीपासून सांगतोय, काका, स्टँड, स्टँड!" चालक म्हणाला.

"अहो, आलं की स्टँड!" ग्रंथपालांनी आजूबाजूला हात फिरवला.

पोलिसानं गाडी उभी केली आणि खाली बोट दाखवलं. मग बुटाच्या टोकानं तो लोखंडी पाय वर ढकलला. खट्.

ग्रंथपाल गाद्यांवरून उतरले. वाकून पाहत राहिले. "पुन्हा करा बरं," ते म्हणाले. पोलिसानं पुन्हा केलं. खट्. तोच आवाज.

त्यांना मैदान आठवलं. गाडीच्या डाव्या बाजूला, प्लास्टरचा हात छातीशी धरून उभी असलेली सिस्टर आठवली. 'बसा' म्हणायची आणि पायानं हळूच, न सांगता, दरवेळी. ते तिथंच गाडीपाशी उकिडवे बसले. लोकांना वाटलं, आत्ता कुठं घाबरले.

"बाबा, मी चालवू?" लेकीनं विचारलं.

"मी तुला न्यायला आलोय," ग्रंथपाल म्हणाले.

लेक मुकाट्यानं मागे बसली. बॅग मांडीवर घेतली आणि दुसऱ्या हातानं बापाचा खांदा घट्ट धरला. सायकलवाले त्यांना मागे टाकत होते, पण तिनं एकदाही 'जरा जोरात' म्हटलं नाही.

सिस्टर फाटकातच उभी होती, चेहरा पांढराफटक. दोघांना धडधाकट पाहून तिला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. "फोन का नाही घेतलात? किती ओरडले मी मागून!"

"मला वाटायचं, तो खट् आवाज गाडीचा आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"मग?"

"तुझा होता."

सिस्टरनं तोंड फिरवलं. "चला आत, चहा गार होतोय," ती म्हणाली. पण चहा अजून टाकलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जायला ग्रंथपाल गाडीवर बसले. इंजिन सुरू केलं आणि तसेच बसून राहिले. लेक ओट्यावरून ओरडली, "बाबा, स्टँड!"

"माहितीये," ग्रंथपाल म्हणाले आणि घराच्या दाराकडे बघत राहिले.

सिस्टर ओला हात पदराला पुसत बाहेर आली. "आता कळलंय ना सगळं? मग खोळंबलात कशाला?"

ग्रंथपालांनी डावा पाय जरा पुढे सरकवून तिला जागा करून दिली. सिस्टरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग पायातली चप्पल सारखी केली आणि पाय पुढे केला.

खट्.