शिळ्याच्या डब्यातली कंपनी

मिलिंदची एक खोड पारूबाईंच्या डोक्यात जायची. त्यांचा हा लेक वाचायचा काही नाही, नुसता साठवायचा! नव्व्याण्णव साली कोरेगावात मोजक्या घरांत इंटरनेट आलं, त्यात यांचं एक. एखादं पान दिसलं की मिलिंदनं त्याचा बुकमार्क केलाच! "राहू दे, नंतर निवांत वाचू." ते नंतर काही उगवायचं नाही, यादी मात्र जेवणावळीच्या पंगतीगत लांबत चाललेली.

"काय ही अडगळ!" पारूबाईंनी नातीला, पायलला, हुकूम सोडला. "बस खुर्चीवर. माझ्या मांडणीवर एक डबा तरी हिकडचा तिकडं घावतो का? ह्येबी तसंच लावू!"

पारूबाईंची शाळा दुसरीतच संपलेली, पण स्वयंपाकघर मिलिटरीच्या शिस्तीत! रोज लागतं ते 'रोजचं', सणावाराला लागतं ते 'सणाचं', आणि ठेवून कुणी तोंडच लावलं नाही ते 'शिळं'. पायलनं इंग्रजी अक्षरांत तसे तीन कप्पे केले. कुठलं पान परत उघडलंय ते कॉम्प्युटर सांगायचाच. बघता बघता मिलिंदचा जवळजवळ सगळा साठा शिळ्यात गेला!

रविवारी खंडाळ्याचे नाथाजी मुलाला घेऊन पायलला बघायला आले. मुलगा कुणाल, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. पारूबाईंनी स्थळ गल्लीभर मिरवून ठेवलेलं. आता नकार आला असता, तर नळावर पदरात तोंड लपवून जावं लागलं असतं!

जय भीम झाला, पोहे आले आणि मिलिंदला चेव चढला. "कुणालरावांच्या कंपनीची वेबसाइट? रोज वाचतो! पाठच झालीय म्हणा ना. थांबा, दाखवतो!"

मानगूट धरलेल्या कोंबड्यागत मोडेम किंचाळला. पडद्यावर तीन कप्पे बघून मिलिंद गडबडला. 'रोजचं' उघडलं, त्यात नुसतं क्रिकेट. 'सणाचं' उघडलं, त्यात अनारसे!

नाथाजींनी चष्मा सावरला. "खाली बघा की. काय लिवलंय त्ये... शिळं?"

शिळ्यात सगळ्यांत वर कुणालची कंपनी!

"आमच्या पोराची कंपनी शिळी व्हय?" नाथाजींचा चमचा पोह्यातच रुतला.

"आवं पाव्हणं," पारूबाई पुढं सरसावल्या, "आमच्यात शिळी भाकरी दुधात कुस्करून लाडक्या माणसालाच देत्यात!"

"पण आजी," पायल बोलून गेली, "शिळं म्हणजे बाबांनी एकदाही न उघडलेलं. तूच सांगितलंस की!"

मिलिंदची बायको आम्रपाली पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"पाठ झालीया न्हवं?" नाथाजी मिलिंदकडे वळले. "मग कंपनी काय बनवती, सांगा!"

"बनवते म्हणजे... चांगलंच बनवते!"

नाथाजी चपला शोधायला उठले. पारूबाईंच्या डोळ्यांपुढं नळावरच्या सगळ्या बाया खिदळायला लागल्या!

"बाबा, बसा हो," कुणाल हळूच म्हणाला. "मी तरी कुठं वाचलीय? बुकमार्क करून ठेवलीय. म्हटलं, नंतर वाचू. असली पानं माझ्याकडं पोत्यानं पडलीत!"

पायलला असं हसू फुटलं की हातातला चहा बशीत आला. तिला बघून कुणाल हसला, दोघांना बघून नाथाजी हसले. "जमलं म्हनायचं की मग!" असं म्हणत त्यांनी पोह्याची बशी पुन्हा पुढ्यात ओढली.

गल्लीत मान वर ठेवायची सोय झाली खरी, पण पारूबाई लेकावर फिरल्याच.

"मिलिंद्या, एक साठवणारा मी जल्माला घातला, ती माजी चूक. आन् दुसरा तू जावई करून आणतुयास, ती तुजी!"