टेकडीवरचा फ्रिज

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर बहात्तर पायऱ्या चढून गेलं की डाव्या हाताची चौथी खोली भिकाजी साळसकरची. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, त्या खोलीत कंबरेएवढा पांढरा फ्रिज येऊन भिंतीला लागला. भिकाजीने हमालांना पाणी दिलं, दारात जमलेल्या शेजाऱ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि बायकोला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "कृष्णे, आता कोणाच्या दारात जाऊची गरज नाय तुका."

हे वाक्य त्याने वर्षभर जपून ठेवलं होतं. कृष्णाबाईला साखरेचा आजार. रोज सकाळी इन्शुलिन टोचून घ्यायचं, आणि बाटली उन्हाळ्यात थंडच राहिली पाहिजे असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. टेकडीखालच्या बिल्डिंगमध्ये राधाबाई राहायच्या, त्यांच्या फ्रिजात अंड्यांच्या शेजारी ती बाटली असायची. राधाबाई माणूस चांगलं. पण एकदा दार उघडताना त्यांच्या सुनेने आत वर्दी दिली, "इंजेक्शनवाल्या आल्या हो." जिन्यात थांबलेल्या भिकाजीने ते ऐकलं. कृष्णाबाई विसरली, भिकाजी विसरला नाही. त्यात आता राधाबाई शनिवारी घराला कुलूप लावून महिनाभर गावी जाणार होत्या. म्हणजे हातात दिवस सहा.

फ्रिज मुलाने, जयवंतने, कुवेतहून पाठवलेला. तिथे वाळवंटात कंपनीची माणसं चाकांवरच्या घरांत राहायची, कॅराव्हॅन म्हणतात त्याला. कॅम्प मोडला तेव्हा त्यातला एक फ्रिज जयवंतच्या वाट्याला आला आणि त्याचा दोस्त शिवदास मुलुंडला सुट्टीवर येताना सामानाबरोबर घेऊन आला. जयवंतने चिठ्ठीत लिहिलं होतं, पन्नास डिग्रीत बर्फ करायचा हा फ्रिज.

ठेवायचा कुठे, यावर चर्चा झालीच नाही. भिकाजीच्या खोलीत कुठेही काहीही ठेवा, शोभतंच, असं निदान भिकाजीचं मत. संपात गिरणी गेली तेव्हा तो गवंड्यांच्या हाताखाली लागला आणि शिकलेलं पहिलं काम स्वतःच्या घरात केलं. चार वर्षांपूर्वी शहाबादी फरशी एकट्याने घातली. मोरीकडे ढाळ असा दिला की उंबऱ्यावर तांब्या उपडा केला तर पाणी कुठेही न रेंगाळता सरळ मोरीत. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी हा प्रयोग व्हायचा. त्या दिवशी हमालांनाही दाखवला. बिचारे बहात्तर पायऱ्या चढून आलेले, त्यांनी मान डोलावली.

तर बटण दाबलं. दुपारी आत ठेवलेली सोलकढी संध्याकाळी कोमट निघाली.

भिकाजी म्हणाला, नवीन जागा आहे, रुळायला वेळ लागतो. सोमवारीही कोमट. फ्रिज मागून तापायचा आणि पुढून मख्ख. शेजारच्या नानांचं म्हणणं पडलं की येणारा जाणारा दार उघडून बघतो, गारवा टिकेल कसा? मग दाराला सुतळी बांधली. मंगळवारी नानांनाच आठवलं की असले फ्रिज उलटे करून ठेवले की सुधारतात. चौघांनी मिळून चार तास तो डोक्यावर उभा केला. तेवढ्या वेळात चाळीतली निम्मी माणसं डोकावून हळहळून गेली. सुलटा केल्यावर तो तसाच मख्ख.

बुधवारी चंद्रप्रकाशला बोलावणं गेलं. हा स्टेशनजवळ फ्रिज दुरुस्त करायचा आणि आपल्या हाताला यश आहे असं स्वतःच सांगायचा. त्याने फ्रिजला कान लावला आणि मागे टॉर्च मारला.

"काका, ह्यात कॉम्प्रेसरच नाय," तो म्हणाला. "काढून घेतलाय कोणीतरी."

आता फ्रिज आणला कोणी? शिवदासने. टेकडीवर यायच्या आधी पंधरा दिवस ठेवला कोणाकडे? शिवदासकडे. भिकाजीने पुढचा विचार केलाच नाही. कृष्णाबाई म्हणत होती, अहो, पोराला नीट विचारा तरी. पण भिकाजीच्या कानात राधाबाईंच्या सुनेची ती हाक वाजत होती. गुरुवारी सकाळी तो मुलुंडला जाऊन धडकला. शिवदासकडे सासरेबुवा पोहे खात बसले होते. त्यांच्या समोर, चपलाही न काढता, भिकाजीने विचारलं, "कॉम्प्रेसर खंय हा?"

सासरेबुवांचा चमचा वरच राहिला. शिवदास मात्र चिडला नाही, आणि तेच वाईट झालं. त्याने शर्ट चढवला, सासऱ्यांना येतो म्हणाला आणि भिकाजीबरोबर घाटकोपरची गाडी पकडली. बहात्तर पायऱ्या चढून आल्यावर त्याने कृष्णाबाईकडे ताटभर पाणी मागितलं आणि ते ताट काठोकाठ भरून फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं.

पाणी एका बाजूने सांडलं. मोरीच्या बाजूने. आणि सांडलेलं पाणी, कुठेही न रेंगाळता, सरळ मोरीत गेलं.

शिवदासने शांतपणे समजावलं. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतोच. मागच्या उष्णतेने आतलं अमोनियाचं पाणी नळ्यांतून आपलं आपण फिरतं, म्हणून फ्रिज अगदी सपाट उभा लागतो. कॅम्पमध्ये गाडी थांबली की ते आधी असंच ताट ठेवून बघायचे, मग चाकाखाली फळी सारायचे. एवढं सांगून त्याने खाली पाहिलं.

"काका, ही फरशी कोणी घातली?"

नाना छताकडे बघू लागले. भिकाजीला वाटलं, त्या पाण्याबरोबर आपणही मोरीतून निघून जावं.

तेवढ्यात कृष्णाबाई उठली. फळीवरचा एक जुना डबा काढला, त्यातून शहाबादीचे दोन तुकडे निवडले आणि शिवदासला म्हणाली, जरा उचल रे बाबा. तुकडे फ्रिजच्या मोरीकडच्या दोन पायांखाली गेले. ताट पुन्हा ठेवलं. एक थेंब हलला नाही. एकही तुकडा बदलावा लागला नाही, इतका तिचा अंदाज पक्का.

"ह्ये खंयचे?" भिकाजीने विचारलं.

"तुमच्याच फरशीचे उरलेले. स्टोव्हाखाली दोन आसत, पिंपाखाली दोन." ती हळू आवाजात म्हणाली. "कढईत त्याल एका बाजूक जाय. तुमका वायट वाटात म्हणान सांगूक नाय. फ्रिजाक पण लागतत ता माका काय म्हायत?"

भिकाजीने शिवदासचे हात धरले, माफी मागितली. सासऱ्यांसाठी आंबे दिले, ते शिवदासने घेतले. शुक्रवारी सकाळी फ्रिजात हात घातला तर बोटं आखडली. दुपारी कृष्णाबाई राधाबाईंकडून बाटली घेऊन आली, आपल्या फ्रिजात ठेवली आणि दार दोनदा उघडून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, भिकाजीचेही.

जेवून तो खाटेवर आडवा झाला. या खाटेवर त्याला झोप छान लागायची. आपल्या खोलीत सगळीकडे ढाळ असला तरी खाटेची जागा आपण कशी बरोबर सपाट राखली, हे तो पाहुण्यांना नेहमी सांगायचा.

तो उठून बसला. ओणवा होऊन खाटेखाली पाहिलं.

पायथ्याच्या दोन्ही पायांखाली शहाबादीचे तुकडे होते. त्यांच्यावर चार वर्षांची धूळ होती.