लाल लेबलं आणि पांढरे हातमोजे

सरकारी नियम पाठ असणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पण निकामी सरकारी मालमत्तेची विल्हेवाट, त्यातही ॲस्बेस्टॉस असलेल्या मालमत्तेची विल्हेवाट, हे प्रकरण पोटकलमांसकट पाठ असणारा माणूस तुम्ही पाहिलेला नाही. कारण तो मी आहे, आणि मी भांडारातून फारसा बाहेर पडत नाही!

आमचं कार्यालय म्हणजे सिमेंट-काँक्रीट तपासणारी सरकारी प्रयोगशाळा. मी तिथला भांडारपाल. बसायला मला स्वतंत्र खोली आहे, पण दिवस जातो भांडारात. भांडाराच्या खोलीत आधीच्या सगळ्या भांडारपालांनी मांडलेला संसार होता: भोकं मोठी झालेल्या चाळण्या, गंजलेले साचे, मोडक्या खुर्च्या, एक जुनी भट्टी आणि तिच्यातली तापलेली भांडी उचलायचे जाड पांढरे हातमोजे.

खोली रिकामी करायचं कारण मात्र ताजं होतं. आमच्या हिशेबनीस बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या होत्या. त्यांची आई तान्ह्या बाळाला घेऊन दिवसभर जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी बसायची आणि बाई कामातून उठून तिथे भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजायच्या. साहेब म्हणाले, "भांडार रिकामं झालं तर ती खोली बाळाला. पण उद्या मुख्य कार्यालयाची माणसं येतायत. तोवर झालं नाही, तर ते तिथे जुन्या फायली कोंबतील."

"आज संध्याकाळी तिथे पाळणा लागेल, साहेब," मी म्हणालो आणि बाईंनाही तसंच सांगून आलो.

"नक्की ना?" बाई म्हणाल्या. "आईची कंबर धरलीय हो."

"तुम्ही फक्त पाळण्याचा रंग ठरवा."

नियम सोपा आहे. ॲस्बेस्टॉस वस्तूत घट्ट बसलेलं असेल, तर इशाऱ्याचं लाल लेबल लावून ती वस्तू विकता येते. हाताने दाबल्यावर भुगा होणारं असेल, तर तो भुगा श्वासातून फुप्फुसांत जातो, म्हणून विकायचं नाही, फुकटही द्यायचं नाही. ओलं करून, दोन जाड पिशव्यांत बांधून, ठरलेल्या जागी पुरायचं. आणि खात्री नसेल, तर आहे असं धरून चालायचं. हे शेवटचं कलम माझं फार लाडकं. ज्याने कुणी ते लिहिलं, त्याचे पाय धरावेत असं मला नेहमी वाटतं.

त्याच दुपारी लिलावाला भंगारवाले आले तेव्हा माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटण कुरकुरायला लागलं. त्यांच्यातल्या शेठने एका मोडक्या खुर्चीवरचं लाल लेबल वाचलं आणि हात मागे घेतला.

"साहेब, ही लाकडी आहे ना?"

"दिसते लाकडी. पण तुम्ही तज्ज्ञ आहात का?"

"नाही."

"मीही नाही. म्हणजे आपल्याला खात्री नाही. म्हणजे आहे."

"आणि ही चाळणी?"

"तिलाही तोच नियम."

"त्या पंख्याला तर लेबल नाही."

"तो राहिला होता," मी म्हणालो आणि पंख्यालाही लेबल लावलं.

शेठने मान हलवली. "बरं, तो भुगा होणारा प्रकार ओळखायचा कसा?"

प्रश्न चांगला होता, आणि कुणी चांगला प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी भट्टीवरचे पांढरे हातमोजे उचलले, सगळ्यांना दिसतील असे वर धरले आणि नियमात म्हटल्याप्रमाणे हाताने दाबले. त्यांनी तिथल्या तिथे जीव सोडला! भुगा माझ्या मनगटावर, शर्टावर, जमिनीवर.

"बघा," मी म्हणालो, "लिहिलंय तस्सं झालं."

पण बघायला कुणी उरलंच नव्हतं. आवारातून टेम्पो सुरू झाल्याचे आवाज येत होते. आमचा शिपाई पार फाटकापाशी पोहोचला होता. तिथून तो ओरडला, "साहेब, दार ओढून घ्या. आतून!"

साहेबांनी घाईघाईने तज्ज्ञ बोलावली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक मुलगी आली. तिने आधी भुग्यावर पाणी फवारलं, मग सगळीकडे नजर टाकली.

"हातमोज्यांत आहे. भट्टीच्या अस्तरातही आहे," ती म्हणाली. "बाकी कशात नाही. या खुर्च्या लाकडी आहेत. किती लेबलं लावलीत?"

"संपेपर्यंत."

"आणि दाबून बघायला कुणी सांगितलं होतं?"

मी पोटकलमाचा आकडा सांगितला. तिने माझा शर्ट उतरवून घेतला, ओला केला, दोन पिशव्यांत बांधला आणि माझ्याच लेबलांपैकी एक वर चिकटवलं. खरं सांगतो, त्याही अवस्थेत मला बरं वाटलं. इतक्या शिस्तीत निकालात निघालेला शर्ट आमच्या घराण्यात दुसरा नसेल. शिपायाचा रेनकोट घालून मी घरी गेलो.

"शर्ट कुठाय?" बायकोने विचारलं.

"पुरायला गेला."

तिने कपाटातून दुसरा शर्ट काढून दिला. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

पण रात्रीचं जेवण काही गेलं नाही. खोलीला सील लागलं होतं. साफसफाई होऊन हवा तपासल्याशिवाय ती उघडणार नव्हती. बाई बाळाला घेऊन पुन्हा जिन्याखाली गेल्या होत्या, आणि तेच फार लागलं होतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाची माणसं आली, सील बघून फायलींसकट मागे सरली. साहेब हताशपणे म्हणाले, "फायली टळल्या, पण बाळाचं काय? आतून कडी असलेली दुसरी खोली आहे कुठे आपल्याकडे?"

अशा दोनच खोल्या होत्या. एक साहेबांची, एक माझी. साहेब छताकडे बघायला लागले. भांडारपालाला स्वतंत्र खोली असलीच पाहिजे, असं नियमात कुठे आहे का, हे मी मनातल्या मनात पानं उलटून पाहिलं. नाही. कुठेच नाही.

"माझी घ्या," मी म्हणालो. माझा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू गेला असणार, मीच तशी काळजी घेतली होती.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्य कार्यालयाचे मोठे साहेब म्हणाले, असा भांडारपाल प्रत्येक कार्यालयात हवा. मग सीलकडे बघून म्हणाले, भांडारापासून जरा लांब.

तेव्हापासून माझं टेबल व्हरांड्यात आहे. पहिल्याच दुपारी लक्षात आलं की जेवणाचा डबा आतल्या कपाटातच राहिलाय. मी माझ्याच दारावर हळूच टकटक केली. आजींनी दार बोटभर उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय."

"माझा डबा..."

"कपाटाच्या दाराला पाळणा टेकवलाय. सरकवला की उठेल."

मी मान डोलावली आणि ताठ मानेने टेबलाशी येऊन बसलो. पोटात कावळे ओरडत होते. त्यांनाही हळू ओरडायला सांगितलं.